भाषेचा अभ्यासक्रम आखण्यापूर्वी: शिकणाऱ्यांच्या गरजा कशा तपासायच्या

भाषेचा नवा वर्ग सुरू करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी पहिली हालचाल होते ती पुस्तक निवडण्याची. पुस्तकाची अनुक्रमणिका हाच अभ्यासक्रम बनतो आणि पहिल्या दिवशी एक फॉर्म वाटला जातो: ‘तुम्हाला ही भाषा का शिकायची आहे?’, ‘कोणत्या कौशल्यात सुधारणा हवी?’ उत्तरंही ठरलेली येतात. बोलताना आत्मविश्वास हवा, व्याकरण पक्कं व्हायला हवं, शब्दसंग्रह वाढायला हवा. ही उत्तरं मनापासून दिलेली असतात, पण त्यांवरून एकाही तासिकेचं नियोजन करता येत नाही. फॉर्म फायलीत जातात आणि वर्ग पुस्तकाप्रमाणे चालू राहतो.

शिकणाऱ्याला या भाषेत नेमकी कोणती कामं करावी लागणार आहेत, त्यांतली कोणती आज जमत नाहीत आणि हाताशी असलेल्या तासांत कोणती जमवता येतील, याचा पुराव्यानिशी घेतलेला शोध म्हणजे गरजांची तपासणी. त्यासाठी एक कसोटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावायची: या प्रश्नाच्या उत्तराने अभ्यासक्रमातला कोणता निर्णय बदलेल? बदलणार नसेल तर तो प्रश्न विचारायचा नाही.

आधी निर्णयांची यादी

कोणालाही काही विचारण्याआधी एका कागदाचे दोन भाग करा. एका बाजूला ठरून गेलेल्या गोष्टी लिहा: एकूण तास, आठवड्याला किती तासिका, वर्गात किती जण, शेवटी कोणती परीक्षा आहे का, खर्च कोण करतंय, शिक्षक किती. दुसऱ्या बाजूला अजून मोकळे असलेले निर्णय लिहा:

- ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं यांना किती-किती वेळ द्यायचा
- सुरुवात कोणत्या पातळीवरून करायची, गट एक ठेवायचा की दोन
- वर्गात कोणते नमुने आणायचे: संभाषणं, फॉर्म, बातम्या, ईमेल, सूचनाफलक
- शिकणाऱ्यांची पहिली भाषा वर्गात किती वापरायची
- गृहपाठ द्यायचा का, आणि तो कागदावर की मोबाइलवर
- प्रगती कशाने मोजायची

हा कागद तयार झाला की प्रश्नावली आपोआप आटोपशीर होते. वय, शिक्षण, छंद असे प्रश्न सवयीने घातले जातात. त्यांतला प्रत्येक प्रश्न या यादीशी जोडून पाहा. शिक्षणाचा प्रश्न बहुतेकदा टिकतो, कारण किती वर्षं शाळेत गेले यावरून लेखी सूचना आणि तक्ते किती चालतील हे ठरतं. छंदांचा प्रश्न टिकतो तो फक्त वाचनाचे विषय खुले असतील तरच.

ठरून गेलेल्या गोष्टी आधी लिहिण्याला आणखी एक कारण आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन मन्बी यांनी १९७८ साली गरजांच्या विश्लेषणाची अतिशय बारकाईची चौकट मांडली. शिकणारा कोण, कोणाशी, कुठे, कोणत्या माध्यमातून, कोणत्या पातळीवर संवाद साधणार, अशा प्रश्नांतून अपेक्षित भाषेचं पूर्ण चित्र उभं करायचं, ही त्यामागची कल्पना. त्यावर पुढे जी टीका झाली तिचा एक मुद्दा असा की तास, साधनं, शिक्षक यांच्या मर्यादांचा विचार या चौकटीत विश्लेषण संपल्यावर येतो. प्रत्यक्षात मर्यादा सुरुवातीपासूनच कामाला आकार देतात. चाळीस तासांच्या वर्गासाठी दोनशे तासांच्या गरजा गोळा केल्या, तर पुढचं सगळं काम काटछाटीचंच उरतं.

‘गरज’ हा एकच शब्द, आत वेगवेगळ्या गोष्टी

टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी १९८७ साली केलेली विभागणी आजही सर्वांत कामाची आहे. पहिली *आवश्यकता*: प्रत्यक्ष परिस्थितीत काय करता यायलाच हवं. दुसरी *उणीव*: त्यातलं आज काय येत नाही. तिसरी *इच्छा*: शिकणाऱ्याला स्वतःला काय हवंसं वाटतं. याशिवाय त्यांनी एक वेगळा कप्पा ठेवला, *शिकण्याच्या गरजा*. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी त्या माणसाला काय लागेल, त्याचा वेळ, सवयी, साधनं, भीती, हे सगळं त्यात येतं.

हे चार कप्पे वेगळे ठेवण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे: प्रत्येकाची माहिती वेगळ्या ठिकाणी मिळते. आवश्यकता कळते कामाच्या जागेवरून आणि ते काम आधीपासून करणाऱ्यांकडून. उणीव कळते चाचणी आणि निरीक्षणातून. इच्छा फक्त शिकणाराच सांगू शकतो. शिकण्याच्या गरजा त्याच्या दिनक्रमाबद्दल विचारल्यावर उलगडतात. पहिल्या दिवशीच्या फॉर्मवर चारही भरून मिळतील असं मानणं हीच या कामातली सर्वांत मोठी चूक आहे.

इच्छा आणि आवश्यकता एकमेकींशी भांडतात तेव्हा इच्छेला खालच्या पायरीवर बसवू नका. वर्गात माणूस येतो आणि टिकतो तो इच्छेच्या जोरावर. तिला वेळ द्यावा लागतो, फक्त तो किती हे आपण ठरवतो.

कोणाला विचारायचं

किमान तीन प्रकारचे स्रोत हवेत आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र असावेत. कार्याधारित भाषाशिक्षणात, म्हणजे प्रत्यक्ष करायच्या कामांभोवती भाषा शिकवण्याच्या पद्धतीत, मायकेल लाँग यांनी स्रोत आणि पद्धती दोन्ही ताडून पाहण्यावर फार भर दिला, आणि तो रास्त आहे. जे अजून त्या परिस्थितीत गेलेलेच नाहीत, त्यांना तिथे काय लागेल हे सांगता येत नाही. विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी विद्यार्थी म्हणतो, व्याख्यानं समजली पाहिजेत. तिथे वर्षभर काढलेला विद्यार्थी सांगतो की व्याख्यानाच्या स्लाइड मिळतात, अडतं ते गटचर्चेत मध्ये बोलायला शिरताना.

म्हणून हा क्रम ठेवा. आधी ते काम सध्या करत असलेली माणसं, त्यातही शक्यतो तीच भाषा नंतर शिकून आलेली. मग त्यांच्यासोबत काम करणारे मूळ भाषक, कारण गैरसमज झाल्याचं पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतं. मग शिकणारे. मग आधीच्या तुकडीचे शिक्षक. खर्च करणारी संस्था किंवा पालक यांनाही विचारायचं, पण त्यांच्या उत्तराची नोंद वेगळी ठेवायची. ‘अस्खलित बोलता यावं’ ही त्यांची अपेक्षा असते. तिचं रूपांतर कामांत करायचं काम आपलं आहे. त्यासाठी एक प्रश्न हमखास उपयोगी पडतो: ‘सहा महिन्यांनी कोणती गोष्ट घडलेली दिसली तर पैसे वसूल झाले असं म्हणाल?’

किती जणांशी बोलायचं? गट एकसारखा असेल तर सहा ते बारा मुलाखतींत नवी कामं पुढे येणं बहुधा थांबतं. सलग दोन-तीन मुलाखतींत एकही नवं काम आलं नाही, की थांबा. गट मिश्र असेल, म्हणजे काही जण नोकरीसाठी, काही जण जोडीदाराच्या कुटुंबाशी बोलण्यासाठी शिकत असतील, तर प्रत्येक उपगटासाठी हेच वेगळं मोजावं लागतं.

साधनं आणि त्यांचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे: आधी कागदपत्रं, मग मुलाखती, मग प्रश्नावली, मग निरीक्षण, आणि शेवटी चाचणी. प्रश्नावली पहिल्यांदा काढली की तिच्यातले पर्याय आपल्याच डोक्यातून येतात आणि उत्तरांत आपलंच मत परत मिळतं. मुलाखतींतून कामांची यादी तयार झाल्यावर प्रश्नावलीने फक्त मोजायचं: कोणतं काम किती जणांना, किती वेळा.

*कागदपत्रं.* शिकणाऱ्यांना ज्यांच्याशी सामना करायचा आहे असे वीस ते तीस खरे नमुने गोळा करा: भरायचे फॉर्म, सूचना, संदेश, अहवाल, परवानगी घेऊन केलेली संभाषणांची ध्वनिमुद्रणं. वैयक्तिक तपशील लगेच खोडा. प्रत्येक नमुन्यावर तीन गोष्टी लिहा: तो वाचून माणसाने पुढे काय करायचं असतं, किती वेळात, आणि चुकला तर काय होतं. हेच नमुने पुढे वर्गाचं साहित्य होतात, त्यामुळे यात घातलेला वेळ दुप्पट वसूल होतो.

*मुलाखत.* तीस ते चाळीस मिनिटं पुरतात. ‘साधारणपणे काय अडचणी येतात?’ असं विचारलं की साधारण उत्तर येतं. ‘काल सकाळपासून या भाषेत कोणाकोणाशी बोललात, क्रमाने सांगा,’ असं विचारलं की कामं बाहेर पडतात. मग प्रत्येक कामावर: ‘कुठे अडलं? मग काय केलंत?’ आणि शेवटी: ‘असं एखादं काम आहे का, जे भाषेमुळे तुम्ही टाळता किंवा दुसऱ्याला करायला सांगता?’ टाळलेली कामं ना निरीक्षणात दिसतात, ना प्रश्नावलीत येतात. हा प्रश्न वगळू नका.

*प्रश्नावली.* पंधरा ते वीस प्रश्न, दहा मिनिटांत भरून होतील एवढेच. शिकणाऱ्यांना ज्या भाषेत सहज वाचता येतं त्या भाषेत ती द्या. शिकायच्या भाषेत दिली तर ती गुपचूप वाचनाची परीक्षा होते आणि सर्वांत गरजू लोकच रकाने कोरे ठेवतात. वाटण्याआधी चार-पाच जणांकडून भरून घ्या आणि प्रत्येक प्रश्नाचा त्यांनी काय अर्थ घेतला ते तोंडी विचारा. प्रश्न कसे बिघडतात ते पाहा:

‘तुमच्यासाठी बोलणं किती महत्त्वाचं आहे?’ यावर जवळजवळ सगळे ‘फार महत्त्वाचं’वर खूण करतात, त्यामुळे यातून काहीच वेगळं निघत नाही. त्याऐवजी: ‘गेल्या सात दिवसांत फोनवर या भाषेत किती वेळा बोललात? एकदाही नाही / एक-दोनदा / तीन ते पाच / रोज’.

‘तुम्हाला वाचन आणि लेखन कठीण जातं का?’ यात दोन प्रश्न एकत्र आहेत. फक्त वाचनच जमणाऱ्याने कुठे खूण करायची?

‘तुम्हाला व्याकरणाचे कोणते घटक शिकायचे आहेत?’ हे शिकणाऱ्याला ठरवता येत नाही आणि त्याच्याकडून अपेक्षितही नाही.

महत्त्व जाणून घ्यायचंच असेल तर दहा कामांची यादी देऊन ‘यांतली फक्त तीन निवडा’ असं सांगा. निवड करावी लागली की खरा कल दिसतो.

*निरीक्षण.* प्रत्यक्ष जागेवर दोन-तीन वेळा, एकेक-दोन तास बसायला मिळालं तरी पुष्कळ. त्यासाठी संस्थेची आणि संबंधित माणसांची संमती आधी घ्या, आणि यावरून कोणाच्या कामाचं मूल्यमापन होणार नाही हे स्पष्ट सांगा. नोंदवहीत सहा रकाने आखा: वेळ, काम, कोणाशी, कोणतं कौशल्य, कुठे अडलं, अडल्यावर काय केलं. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. पुन्हा सांगायला लावलं, हावभावांनी निभावलं, सहकाऱ्याला मध्ये घातलं, की न समजताच मान डोलावली? मान डोलावलेल्या प्रत्येक जागेभोवती गोल करा. मुलाखतीत त्या जागा कोणी सांगत नाही. बऱ्याचदा समजलं नव्हतं हेही त्या माणसाला उशिरा कळतं.

आजची पातळी मोजताना

युरोप परिषदेची २००१ सालची सामायिक संदर्भ चौकट, म्हणजे ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) या सहा पातळ्या, बोलायला सोयीची आहे. पण ‘हा गट बी१ आहे’ या एका वाक्यावर अभ्यासक्रम उभा करू नका. माणसाची पातळी सगळ्या कौशल्यांत सारखी नसते. घरात भाषा ऐकत वाढलेल्या, पण तिच्यात शाळा न शिकलेल्या माणसाचं ऐकणं वरच्या पातळीवर आणि लिहिणं अगदी सुरुवातीला असू शकतं. पुस्तकांतून शिकलेल्याचं नेमकं उलट. म्हणून प्रत्येकासाठी चार वेगळे आकडे नोंदवा.

मर्यादित वेळात एवढं पुरतं:

- ऐकणं: गोळा केलेल्या नमुन्यांतलं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवा आणि पाच माहितीचे प्रश्न विचारा.
- बोलणं: प्रत्येकाशी पाच ते सात मिनिटं. ओळख, मग एखादी घडलेली घटना सांगायला लावणं, मग एक छोटा प्रसंग वठवणं.
- लिहिणं: पंधरा मिनिटांत प्रत्यक्ष कामातला एक मजकूर, उदाहरणार्थ उशीर होणार असल्याचा संदेश.
- वाचणं: दोन खरे नमुने आणि प्रत्येकावर कृतीचे प्रश्न: ‘आता तुम्ही काय कराल?’

एकूण पकड पटकन पाहायची असेल तर रिकाम्या जागांचा उतारा वापरता येतो. सुमारे तीनशे शब्दांचा उतारा घ्या, पहिलं वाक्य तसंच ठेवा आणि मग दर सातवा शब्द गाळा. चाळीसच्या आसपास जागा मिळतात. अर्थ आणि व्याकरण दोन्हींत बसणारा कोणताही शब्द बरोबर धरा. ज्या भाषांत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, तिथे शब्द बरोबर पण रूप चुकलं असेल तर अर्धा गुण द्या. दोन्ही गोष्टी एकाच गुणात मिसळल्या तर अडचण शब्दांची आहे की रूपांची, हे कळत नाही.

वाचनसाहित्य निवडताना शब्दांची टक्केवारी उपयोगी पडते. पॉल नेशन यांच्यासारख्या शब्दसंग्रहाच्या अभ्यासकांच्या कामातून असं दिसतं की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि ९५ टक्क्यांच्या खाली गेलं की समज झपाट्याने घसरते. याचं वर्गातलं रूप सोपं आहे. खऱ्या नमुन्यातला शंभर शब्दांचा तुकडा द्या आणि अनोळखी शब्दांखाली रेघ मारायला सांगा. दोनपर्यंत रेघा असतील तर तो मजकूर स्वतःचा स्वतः वाचायला द्या. तीन ते पाच असतील तर आधी शब्दांची तयारी करून घ्या. पाचांहून जास्त असतील तर तो मजकूर अजून पुढचा आहे. मात्र ‘ओळखीचा वाटतो’ आणि ‘अर्थ माहीत आहे’ यांत फरक असतो, म्हणून रेघ न मारलेल्या शब्दांपैकी पाचांचा अर्थ विचारून खात्री करा.

स्वतःची पातळी स्वतःच ठरवायला सांगायची असेल तर ‘माझं बोलणं चांगलं/मध्यम’ असा तक्ता देऊ नका. ‘फोनवर सांगितलेला पत्ता मी न विचारता लिहून घेऊ शकतो’ अशी कामाची वाक्यं द्या. स्वमूल्यांकन आणि चाचणी यांत मोठी तफावत दिसली तर ती खोडू नका. येतं त्याहून कमी सांगणाऱ्याला सराव आणि धीर हवा असतो. जास्त सांगणाऱ्याला आपण कुठे अडतो हे दाखवणारी कामं सुरुवातीलाच द्यावी लागतात.

लहान मुलं किंवा लिहिण्या-वाचण्याची सवय नसलेले प्रौढ असतील तर वरचं निम्मं गळून पडतं. चित्रांच्या कार्डांवर ठिकाणं आणि कामं दाखवा, तीन ढीग करायला सांगा: जमतं, अडतं, कधी करावं लागत नाही. ढीग करताना ते जे बोलतील तेही लिहून घ्या.

गोळा झालेल्या माहितीचं काय करायचं

इथेच बहुतेक प्रयत्न बसतात. ढीगभर माहिती जमते आणि तिच्यातून तास कसे वाटायचे ते कळत नाही. एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. समजा, दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात रुग्णालयात रुजू झालेल्या परिचारिकांसाठी साठ तासांचा वर्ग आहे. मुलाखती आणि निरीक्षणातून सहा कामं वर आली. प्रत्येकाला १ ते ५ असे तीन गुण दिले: किती वेळा करावं लागतं, चुकलं तर परिणाम किती गंभीर, आज किती कठीण जातं. तिन्हींचा गुणाकार:

- पाळी बदलताना पेशंटची माहिती देणं-घेणं, म्हणजे हँडओव्हर: ५ × ५ × ४ = १००
- नातेवाइकांना उपचार समजावून सांगणं: ४ × ४ × ४ = ६४
- नोंदी लिहिणं: ५ × ४ × २ = ४०
- सहकाऱ्यांशी मोकळं बोलणं: ५ × २ × ३ = ३०
- आणीबाणीत फोनवरून डॉक्टरांना बोलावणं: १ × ५ × ५ = २५
- प्रशिक्षणाची परिपत्रकं वाचणं: २ × २ × ३ = १२

आता यादीकडे नीट पाहा. आणीबाणीचा फोन गप्पांच्याही खाली गेला. गुणाकाराचा हा दोष आहे: क्वचित येणारी पण जिवावर बेतणारी कामं तो दाबतो. म्हणून नियम करा की परिणामाचा गुण ५ असलेलं कोणतंही काम, बेरीज-गुणाकार काहीही म्हणो, अभ्यासक्रमात राहील. आकडे चर्चा सुरू करण्यासाठी आहेत, निर्णय माणसांनी घ्यायचा.

तासांची वाटणी करताना आधी सहा तास चाचणी आणि उजळणीसाठी बाजूला काढा, आणखी सहा कशालाच न बांधता राखून ठेवा. उरले अठ्ठेचाळीस: हँडओव्हर १६, नातेवाइकांशी बोलणं १२, नोंदी ८, आणीबाणीचा फोन ७, मोकळं बोलणं ५. परिपत्रकं वर्गाबाहेर वाचायला. मोकळ्या बोलण्याला पाच तास हे शुद्ध हिशेबाने जास्त वाटतील, पण प्रश्नावलीत तीच इच्छा सर्वाधिक आली असेल तर ते द्यावेत. शिवाय न समजल्यावर सहकाऱ्याला ‘पुन्हा सांगाल का’ म्हणण्याचा धीर त्याच बोलण्यातून येतो.

कामातून उद्दिष्ट

‘हँडओव्हर शिकवणे’ हे अजून उद्दिष्ट झालेलं नाही. निरीक्षणाच्या नोंदी समोर ठेवून कामाचे तुकडे पाडा. अनेक रुग्णालयांत या सांगण्याचा क्रम ठरलेला असतो: सध्याची स्थिती, पूर्वपीठिका, आपलं मूल्यमापन, पुढची शिफारस. तो क्रम कागदपत्रांत मिळतो, म्हणजे बोलण्याची रचना वर्गात नव्याने शोधायची गरज नाही. मग अडतं कुठे? नोंदी सांगतात: भराभर उच्चारलेली औषधांची नावं आणि मात्रा ऐकून लिहिताना; झालेलं आणि करायचं राहिलेलं यांची क्रियापदं वेगळी ठेवताना; आणि मध्येच थांबवून खात्री करून घेताना. आता उद्दिष्ट असं लिहिता येतं:

‘एका पेशंटची माहिती ठरलेल्या क्रमाने दोन मिनिटांत सांगता येईल, ऐकताना औषध, मात्रा आणि वेळ अचूक लिहून घेता येईल, शंका आल्यास बोलणाऱ्याला थांबवून आकडा परत वदवून घेता येईल.’

यात काम आहे, परिस्थिती आहे आणि किती चांगलं झालं पाहिजे हेही आहे. मूल्यमापन आपोआप ठरतं: जोडीने हँडओव्हर करायचा आणि लिहून घेतलेल्या कागदाशी ताडून पाहायचं. व्याकरणही इथूनच निघतं. भूतकाळ आणि कर्तव्य सांगणारी रूपं सोळा तासांत शिकवावीच लागतील, पण ती पुस्तकात कोणत्या प्रकरणात आहेत त्याला महत्त्व राहत नाही.

प्रत्येक मोठ्या कामासाठी अशी एक ओळ तयार करा: काम, अडण्याची जागा, लागणारी भाषा, खरा नमुना, मूल्यमापन. ओळीतला एखादा रकाना रिकामा राहिला तर तिथे आपली माहिती अपुरी आहे. तेवढ्यापुरती एखादी मुलाखत पुन्हा घ्या. अंदाजाने रकाना भरू नका.

कुठे बिघडतं

सरासरी काढल्याने. अर्धा गट लिहिण्यात पक्का आणि अर्धा कच्चा असेल तर सरासरी ‘मध्यम’ येते आणि वर्ग कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. आकडे सरासरीऐवजी विखुरलेले पाहा. दोन स्पष्ट पुंजके दिसले तर त्या कौशल्यासाठी दोन गट किंवा दोन पातळ्यांचं काम ठेवा.

वरिष्ठांसमोर विचारल्याने. व्यवस्थापक खोलीत असताना कोणीही ‘मला फोनची भीती वाटते’ म्हणत नाही. मुलाखती स्वतंत्र घ्या, अहवालात नावं घालू नका.

तपासणी इतकी लांबल्याने की वर्ग सुरू व्हायच्या आत लोक बदलतात. साठ तासांच्या वर्गासाठी दोन ते तीन आठवड्यांत आटपेल एवढंच हाती घ्या. वेळ फारच कमी असेल तर चार मुलाखती, दहा खरे नमुने आणि पहिल्या तासिकेतली बोलण्या-लिहिण्याची चाचणी, एवढ्यानेही कोरडी प्रश्नावली वाटण्यापेक्षा जास्त हाती लागतं.

आणि सगळं विचारून काहीच न कळवल्याने. शिकणाऱ्यांनी वेळ दिलेला असतो. पहिल्या तासिकेत एका पानावर दाखवा: तुम्ही हे सांगितलंत, म्हणून हे घेतलं, हे सांगितलंत, पण या कारणाने आता घेता येत नाही. नाही म्हटलेलं लोक समजून घेतात. दुर्लक्ष झालं असं वाटलं, तर पुढच्या वेळी ते फॉर्मवर खरं लिहीत नाहीत.

वर्ग सुरू झाल्यावर

गरजा सरकतात. नोकरीत बदली होते, परीक्षा जवळ येते, सुरुवातीला कठीण वाटलेलं दोन आठवड्यांत सोपं होतं. तिसऱ्या आठवड्यात आणि मग मध्यावर दहा मिनिटांची चिठ्ठी घ्या, तीनच प्रश्न: वर्गात शिकलेलं काय बाहेर वापरलंत? बाहेर कुठे अडलात? कशावर वेळ जास्त जातोय असं वाटतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोनदा कोरं आलं तर त्या माणसाशी बोला. बहुधा त्याची कामं आपल्या यादीत नसतात.

राखून ठेवलेले सहा तास यासाठीच आहेत. मध्यावर चिठ्ठ्या पाहून त्यांतले चार वाटा, दोन शेवटापर्यंत ठेवा. प्रत्येक बदलाची तारीख आणि कारण अभ्यासक्रमाच्या त्याच कागदावर लिहा, म्हणजे पुढच्या तुकडीसाठी काम करणाऱ्याला हा बदल एका गटापुरता होता की मूळ अंदाजच चुकला होता, हे कळेल. न घेता आलेली कामंही तिथेच, त्यांच्या गुणांसह नोंदवा. पुढची तपासणी त्या यादीपासून सुरू करता येते, आणि तिला अर्ध्याहून कमी वेळ लागतो.